समोर बसून

1790 च्या दशकात पुण्याचा एक चित्रकार वेरूळच्या लेण्यांपुढे कागद घेऊन बसला होता. गंगाराम चिंतामण तांबट हे त्याचं नाव. पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी तो ही चित्रं करत होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, तेव्हा त्याच्याबरोबरही गंगारामने काम केलं. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने 1790 मध्ये काढलेलं एक चित्र आहे. ते आणि त्याची लेण्यांची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात जपून ठेवली आहेत. कॅमेरा जगात यायला तेव्हा अजून अर्धं शतक होतं. डोंगरात कोरलेलं ते अफाट काम दूरच्या माणसाला दाखवायचं, तर कुणीतरी तिथे जाऊन ऊनसावलीत बसून ते कागदावर उतरवणं एवढा एकच मार्ग होता.

या पुस्तकाचा विषय तोच आहे. घराबाहेर पडायचं, एखाद्या जागेसमोर बसायचं, दिसतं ते पेनने रेखाटायचं आणि त्यावर जलरंगाचा हात फिरवायचा, तेही जागेवरून उठण्याआधी. हे चित्रकारांनीच करावं असं मुळीच नाही. बँकेत काम करणाऱ्याने, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी, निवृत्त झालेल्या इंजिनिअरने, ज्याला आपल्या आसपासचं गाव नीट पाहावंसं वाटतं अशा कुणीही हा छंद धरावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

गेल्या काही वर्षांत या छंदाला पुन्हा बहर आला, त्याचं बरंचसं श्रेय सिएटलच्या एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या चित्रकार-पत्रकाराला जातं. 2007 मध्ये त्याने जगभरच्या अशा हौशी लोकांना 'अर्बन स्केचर्स' या नावाखाली एकत्र आणायला सुरुवात केली. 2010 मध्ये पोर्टलंडला त्यांचं पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. त्यांच्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलम सांगतं की चित्र जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून काढायचं. मुंबई-पुण्यातही असे गट आहेत. सुटीच्या दिवशी सकाळी ठरलेल्या ठिकाणी जमतात, दोन-तीन तास चित्रं काढतात आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या जमिनीवर ओळीने मांडून बघतात. हा वह्या मांडण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. एकाच चौकाची पंधरा चित्रं शेजारी शेजारी पडतात, आणि आपण तासभर ज्याकडे पाहत होतो त्यातलं किती आपल्याला दिसलंच नाही, ते शेजारच्या वहीतून कळतं.

पण हा छंद बाहेरून आलेली नवी टूम आहे, असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही. जलरंग घेऊन बाहेर बसायची सवय मराठी मुलखात चांगली मुरलेली आहे. 1857 मध्ये मुंबईत सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिथून बाहेर पडलेल्यांनी आपापल्या गावाचे घाट, देवळं, बाजार रंगवले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान घ्या. शाहू महाराजांच्या दरबाराचा आश्रय असलेला हा माणूस रंकाळ्याच्या काठाने, कोटितीर्थाच्या परिसरात हिंडत राहिला आणि त्या पाण्यावरचा उजेड रंगवत राहिला. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर लोकांना हातात दिवा धरलेल्या स्त्रीच्या त्या प्रसिद्ध जलरंगचित्रामुळे माहीत आहेत, पण निसर्गदृश्यंही त्यांनी त्याच ताकदीने केली. नाशिकला शिवाजी तुपे यांनी गोदाकाठ रंगवला. इंदूरला द. दा. देवळालीकरांनी विद्यार्थ्यांना उघड्यावर नेऊन रंगवायला शिकवलं, आणि त्या मुशीतून ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखे चित्रकार घडले. आज पुण्यात मिलिंद मुळीक यांची जलरंगांवरची पुस्तकं हौशी लोक गिरवतात. हा वारसा आपल्या दाराशी आहे. फक्त तो 'आर्टिस्ट लोकांचा' म्हणून आपण बाजूला ठेवला.

बाजूला का ठेवला, याचं एक उत्तर मला शाळेत सापडतं. आपल्याकडे बहुतेकांचा चित्रकलेशी शेवटचा संबंध येतो तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांत. या परीक्षांबद्दल मला आदर आहे. जिथे चित्रकलेचा वर्ग म्हणजे मोकळा तास, अशा गावागावांत त्यांनी मुलांच्या हाती ब्रश दिला. पण त्यातला स्मरणचित्राचा पेपर आठवा. 'बाजारातील दृश्य', 'पावसाळ्यातील एक दिवस' असा विषय यायचा आणि आपण आधी घोटून ठेवलेली माणसं कागदावर मांडायचो. एक छत्री धरलेला मुलगा, एक टोपलीवाली बाई, मागे एक झाड, एक विजेचा खांब. त्याआधीच्या वयात दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि झोपडी. हात त्या ठशांना इतका सरावतो की पुढे चाळिशीत माणूस खऱ्या डोंगरासमोर बसला तरी तो त्रिकोणच काढतो. सह्याद्री समोर असतो. त्याचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट, त्याच्या अंगावर लाव्हाच्या थरांचे आडवे पट्टे, एका थरावर गवत, दुसऱ्यावर उघडा कातळ. यातलं काहीच त्रिकोणात मावत नाही.

समोर बसून चित्र काढायचं म्हणजे हे पाठ केलेलं बाजूला सारायचं. सगळी अडचण इथेच आहे, आणि सगळा आनंदही. हात वळत नाही म्हणून चित्र बिघडतं असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. डोकं डोळ्याला बोलू देत नाही, म्हणून चित्र बिघडतं.

याचं एक उदाहरण नीट सांगते. वाईजवळ मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या पाठीशी कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आलेली ती मोठी घंटा. चित्रं काढणाऱ्यांची ही लाडकी जागा. सिनेमावाल्यांचीही आहे, 'स्वदेस'मधला घाट हाच. आता खाली, पाण्याजवळच्या एका पायरीवर बसा आणि वर वाड्याकडे पाहा. तुमच्या डोळ्याच्या पातळीच्या वर ज्या पायऱ्या आहेत, त्यांचं फक्त उभं तोंड दिसतं. जिच्यावर पाय ठेवतो ती सपाट बाजू दिसतच नाही. डोळ्याच्या पातळीखालच्या पायऱ्यांची सपाट बाजू दिसते, आणि जितकी पायरी खाली तितकी ती रुंद दिसते. पण डोक्याला पक्कं ठाऊक असतं की प्रत्येक पायरीला सपाट बाजू असते. त्यामुळे हात ती सगळीकडे काढतो आणि कागदावरचा घाट कोसळून पाण्यात घसरतो. कितीही सुंदर रंगवलं तरी तो उभा राहत नाही. यावर उपाय सोपा आहे. पायऱ्या मोजू नका, पायऱ्या आहेत हेच विसरा. उजेडाचा पट्टा कुठे संपतो आणि अंधाराचा कुठे सुरू होतो एवढंच बघा आणि तेवढ्याच रेषा ओढा.

त्याच घाटावर रंगाचा खेळही बघण्यासारखा आहे. कोरडा काळा दगड काळा नसतो. सकाळच्या उन्हात तो निळसर तपकिरी राखाडी दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग एकत्र केले की हा राखाडी मिळतो. निळा जास्त घातला तर सावलीतला दगड, तपकिरी जास्त घातला तर उन्हातला. ओला दगड मात्र गडद होतो, असं आपण म्हणतो. पण नीट पाहिलं तर ओल्या पायरीची उभी बाजूच गडद झालेली असते. आडव्या बाजूवर पाण्याचा पापुद्रा असतो, तो आभाळ दाखवतो आणि जवळजवळ कागदाइतका उजळ दिसतो. तिथे रंग लावायचाच नाही. वाळत घातलेल्या धोतराला, देवळाच्या चुन्याच्या रेघेलाही लावायचा नाही. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. म्हणून काय सोडायचं ते ब्रश उचलण्याआधीच ठरवावं लागतं.

या पुस्तकात मी पेनचा आग्रह धरला आहे, त्याचं कारण याच ठरवण्यात आहे. पेन्सिलने सुरुवात केली की खोडरबर शेजारी येऊन बसतो. माणूस एक रेघ काढतो, दोनदा खोडतो, कागदाची साल निघते, आणि तोवर ऊन खांबावरून जमिनीवर उतरलेलं असतं. पेनने काढलेली रेघ राहते. ती चुकली तर तिच्या शेजारी दुसरी, बरोबर रेघ ओढायची. पाहणाऱ्याचा डोळा त्यातली बरोबर रेघ आपोआप निवडतो आणि चुकलेलीमुळे चित्राला थोडी हालचाल येते. मुख्य म्हणजे पेन टेकवण्याआधी माणूस जास्त वेळ पाहतो. मी शिकायला आलेल्यांना एवढंच सांगते, की कागदाकडे जितका वेळ पाहाल त्याच्या दुप्पट वेळ समोर पाहा. खिडकीपासून सुरुवात करा. दार त्या खिडकीच्या किती पट उंच आहे ते हात लांब करून, पेन उभं धरून मोजा. मग ओसरी, मग छप्पर. सगळं त्या एका खिडकीच्या मापाने.

माणसं काढायला लोक घाबरतात, तेव्हा आणखी एक साधी गोष्ट. सपाट जमिनीवर तुम्ही उभे राहून चित्र काढत असाल, तर समोर उभ्या असलेल्या, तुमच्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी एकाच आडव्या रेषेवर येतात, मग ती जवळची असोत की लांबची. फक्त पाय खालीवर होतात. तुम्ही खुर्चीवर बसला असाल, तर ती रेषा सगळ्यांच्या छाती-पोटाच्या आसपास जाते. एवढं कळलं की मंडईतली गर्दी पाच मिनिटांत उभी राहते. चेहरे लागत नाहीत. पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला कललेला खांदा लागतो.

पेन कुठलं, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. उत्तर सोपं आहे. ज्याची शाई वाळल्यावर पाण्याने पसरत नाही, ते. रंगकणांची शाई असलेली बारीक टोकाची फेल्ट पेनं मिळतात, त्यातलं मधल्या जाडीचं एक घ्या. साधं बॉलपेनही चालतं, त्याची शाई तेलकट असल्याने पाण्याला दाद देत नाही. जेलपेन आणि फाउंटन पेनची नेहमीची शाई बहुधा पसरते. पण पसरणं हा दोषच आहे असं नाही. ओला ब्रश फिरवून त्याच शाईतून सावली काढता येते, फक्त ते आधी माहीत हवं. फाउंटन पेन आवडत असेल तर त्यात चालणारी कार्बनची शाई मिळते. बाटलीतली इंडियन इंक मात्र फाउंटन पेनमध्ये कधी भरू नका, तिच्यात बहुधा लाख असते आणि ती पेनाचा मार्ग कायमचा बुजवते. आपल्या पोथ्या काजळाच्या शाईने आणि बोरूने लिहिल्या, आणि ती काजळी शतकं उलटली तरी फिकी पडलेली नाही. बोरूसुद्धा एकदा हातात घेऊन बघा. कापलेल्या टोकाने जाड आणि बारीक रेघ एकाच ओढीत येते. वाड्याच्या तुळयांना ती रेघ फार शोभते.

रंगांचं दुकान फिरून येण्याची गरज नाही. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या मऊ नळीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून रंग पिशवीत टाकून कुठेही नेता येतात. मुंबईच्या दांडेकरांनी 1931 मध्ये शाईचा धंदा सुरू केला. त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली आणि मराठी घराघरांत रंगपेटी पोचली. त्या पेटीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. पुढे सहा-सात चांगले रंग पुरतात : अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक थंड पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल, एक हिरवट निळा. तयार हिरवा शक्यतो टाळा. पावसाळ्यातल्या भाताचा पोपटी आणि करवंदीच्या जाळीचा काळपट हिरवा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पेटीतला हिरवा दोन्हीकडे लावला की कोकण प्लास्टिकचं दिसायला लागतं. पिवळा आणि निळा मिसळून, वर बर्न्ट सिएनाचा एक थेंब घालून हिरवा करा. जांभ्याच्या गडग्याला तोच बर्न्ट सिएना, थोड्या लालाबरोबर.

पैसे खर्च करायचेच असतील तर कागदावर करा. पातळ कागद पाणी पडताच फुगतो, रंग त्याच्या खळग्यांत साचतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्याला जमत नाही. 300 ग्रॅम वजनाचा कापसाचा कागद दोन-तीन हात पाणी निमूट सोसतो. पुण्याला शिवाजीनगरात 1940 पासून हातकागद संस्था आहे, तिथला कागदही वापरून पाहावा. त्याचा पोत जरा हट्टी आहे, पेनाचं टोक अडतं, पण बोरू आणि ओल्या रंगाला तो साथ देतो.

आता पाण्याबद्दल. पेन ठरवायला लावतं, तसं पाणी थांबायला लावतं. आणि किती थांबायचं हे आपल्याकडे ऋतूवर ठरतं, ते इंग्रजी पुस्तकांतून कळत नाही. तिथे लिहिलेलं असतं की पहिला हात वाळायला काही मिनिटं द्या. विदर्भातल्या मे महिन्यात आभाळाचा हात कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं आणि मध्ये कडक रेघ उमटते. तिथे कागद आधी पाण्याने भिजवून घ्यावा, ब्रश मोठा घ्यावा आणि सकाळी नऊच्या आत काम आटपावं. जुलैत कोकणात नेमकं उलट होतं. हवा इतकी दमट की हात वाळतच नाही. वाळला असं समजून त्यावर दुसरा ओला हात द्यावा, तर पाणी मागे ढकललं जातं आणि कडेला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलतो. हाताच्या पालथ्या बाजूने कागदाला हलकेच स्पर्श करा. गार लागला तर तो अजून ओला आहे. तोवर शेजारच्या पानावर दुसरं काहीतरी पेनने काढायला घ्या. पावसाळ्यात रंगांच्या वड्यांवर बुरशीही धरते, म्हणून घरी आल्यावर पेटी बंद करून ठेवू नये, वाऱ्यावर सुकू द्यावी.

उन्हाबद्दल एक सूचना आणखी. कागदावर थेट ऊन पडेल असं बसू नका. पांढरा कागद डोळे दिपवतो, अंदाज सुटतो आणि रंग नको तितके गडद लागतात. घरात आणल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. स्वतः सावलीत बसा, उन्हातलं रंगवा. भर दुपार टाळा. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात त्यातली एक वेळ मेच्या मध्याला येते. त्या दिवसांत दुपारी इमारतीला सावलीच नसते, आणि सावली नसली की चित्रात घर जमिनीला टेकत नाही.

वेळ कमी असेल तर काय करायचं, ते एडवर्ड लिअरकडून शिकावं. गमतीच्या कवितांसाठी प्रसिद्ध असलेला हा इंग्रज मुळात निसर्गचित्रकार होता. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकच्या आमंत्रणावरून तो 1873 मध्ये मुंबईला उतरला आणि 1875 पर्यंत हिंदुस्थानभर हिंडला. जागेवर तो पेन्सिलने झरझर रेखाटायचा आणि रंगांची नावं, पोत, प्रकाशाची दिशा हे सगळं शब्दांत चित्रावरच लिहून ठेवायचा, तारखेसकट. मग सवडीने त्यावर शाई चढवून पातळ रंग द्यायचा. त्याच्या चित्रांवरची ती हस्ताक्षरं आज चित्राइतकीच वाचावीशी वाटतात. एसटी सुटायला दहा मिनिटं असतील तर हेच करावं. 'भिंत : फिका गेरू, खाली ओल, हिरवट' असं लिहून ठेवलेलं संध्याकाळी फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं. फोटो एकाच मापाने सगळा उजेड घेतो, त्यामुळे सावल्या काळ्या ठिक्कर येतात. डोळ्याला मात्र त्या सावलीत निळा दिसतो, शेजारच्या भिंतीचा तांबूस उजेड दिसतो. फोटोवरून रंगवू नका असं मी म्हणत नाही. पण सुरुवातीचं वर्षभर तरी टाळा, कारण त्याने डोळा आळसावतो.

बाहेर बसलं की लोक येतात. "काय काढताय?" या प्रश्नाने सुरुवात होते. मग "आमचं दुकान घ्या की त्यात," मग एक प्लास्टिकची खुर्ची, मग चहा. पोरं तर पाण्याच्या डब्यातच डोकावतात. नवशिक्यांना याची फार भीती वाटते आणि ती खरी आहे. भिंतीला पाठ लावून बसलं की निम्मी भीती जाते, मागे कुणी उभं राहू शकत नाही. उरलेली निम्मी बोलण्याने जाते. ज्या वाड्याचं चित्र काढतो त्याच्या समोर साठ वर्षं राहिलेल्या आजोबांनी, "इथं पूर्वी हौद होता, त्यावरून ती पायरी वाकडी आहे," असं सांगितलं, की वाकडी पायरी चित्रात वाकडीच काढावी लागते. परवानगीचा प्रश्नही समजूतदारपणे सुटतो. रेल्वे स्टेशन, बंदर, धरण, लष्करी भाग अशा ठिकाणी आधी विचारून घ्यावं. पणजीच्या फोंताइन्यासमध्ये रंगीत घरांपुढे फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड असते की तिथले रहिवासी वैतागलेले आहेत. तिथे दारासमोर ठाण मांडण्याआधी घरातल्या माणसाशी बोलणं हा साधा शिष्टाचार आहे.

बायकांसाठी या छंदाचं आणखी एक मोल आहे आणि ते मला मोकळेपणाने सांगायचं आहे. आपल्या गावांत पुरुष पारावर, कट्ट्यावर, पानाच्या टपरीपाशी तासन् तास नुसते बसू शकतात. बाई एकटी बसली तर दहा मिनिटांत कुणीतरी विचारतं, "कुणाची वाट बघताय का?" मुंबईतल्या बायकांच्या अशा रेंगाळण्याच्या हक्काबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 2011 मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक लिहिलं. मांडीवर उघडी वही असली की तो प्रश्न बदलतो, आणि माणसं वहीबद्दल विचारतात. खरं तर बसायला कारण लागू नये. पण ते लागतं तोवर वही हे चांगलं कारण आहे, आणि तिच्या आधाराने कितीतरी जणींनी आपल्याच गावाचा घाट पहिल्यांदा सलग दोन तास पाहिला आहे. सुरुवातीला दोघी-तिघी मिळून जावं, वर्दळीची जागा आणि सकाळची वेळ निवडावी.

वहीबद्दल माझं मत ठाम आहे. सुटे कागद घेऊ नका. सुट्या कागदावर माणूस फ्रेमसाठी चित्र काढायला लागतो, बिघडलं की फाडतो. वहीत बिघडलेलं पान पुढच्या पानाला चिकटून राहतं आणि सहा महिन्यांनी तेच पान सगळ्यात जिवंत वाटतं, असं पुष्कळदा घडतं. गोव्याचे मारिओ मिरांडा कलाशाळेचं रीतसर शिक्षण न घेता तरुणपणी रोज सचित्र डायरी लिहायचे. 1949 ते 1951 या वर्षांच्या त्या डायऱ्या पुढे छापल्या गेल्या. शेजारीपाजारी, लग्नं, चर्चमधली गर्दी, असं सगळं गाव त्यांत आहे, कारण ती चित्रं कुणाला दाखवायला काढलेली नव्हती. प्रत्येक पानावर जागा, तारीख, वेळ लिहा. हवा कशी होती तेही. जुने वाडे उतरवले जात आहेत, मंगलोरी कौलांच्या जागी पत्रे येत आहेत. तुमच्या वहीतलं आळीचं चित्र वीस वर्षांनी त्या आळीचा पुरावा असेल आणि तेव्हा त्यावरची तारीख रंगांइतकीच मोलाची ठरेल.

या पुस्तकाचा क्रम या सगळ्यातून ठरला आहे. पहिल्या चार प्रकरणांत रंग नाहीत, फक्त पेन आणि मोजणं. मग एकच रंग घेऊन उजेड-सावली. तीन रंग त्यानंतर येतात, आणि सगळी पेटी सातव्या प्रकरणात उघडते. मधलं एक प्रकरण नुसतं झाडांवर आहे, कारण वड, आंबा आणि नारळ यांच्यासाठी एकच ढगासारखा आकार काढण्याची सवय मोडायला वेळ लागतो. प्रकरणं घरात बसून सलग वाचून काढू नका. एक वाचा, ते घेऊन बाहेर जा, आणि निदान तीन-चार पानं भरल्यावर पुढचं उघडा. पहिल्या दिवशी लांब जायचं कारण नाही. घराच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून समोरची इमारत दिसत असेल, तर तिच्या एका खिडकीपासून सुरुवात करा. तिचं माप नीट आलं की दुसरी खिडकी त्याच मापाने काढा. गज, कुंडी, वाळत घातलेले कपडे नंतर.